‘मी डॉक्टर नाही, मावशी!’

यावेळी सुट्टीत गावी गेलात ना, की एक काम करा. ग्रामपंचायतीच्या मागे, नाहीतर शाळेच्या शेजारी एखादी पिवळ्या रंगाची बैठी इमारत दिसते का बघा. लहानपणी तिथे तुम्ही इंजेक्शन घेऊन भोकाड पसरलं असेल, त्यानंतर आत पाऊलही टाकलं नसेल. आमच्या गावात तर तिला दवाखाना म्हणायचीसुद्धा कुणाची तयारी नव्हती. ‘नर्सबाईची खोली’ म्हणायचे. आता बोर्डावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘उपकेंद्र’.

आत जा. टेबलामागे पंचविशी-तिशीतली एक मुलगी बसलेली असेल, कधी मुलगाही असतो. समोर बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, एक टॅब, दोन जाडजूड रजिस्टरं आणि बाकावर पाच-सहा म्हातारी माणसं.

गेल्या दिवाळीत मी असाच जाऊन बसलो होतो. खरं तर आईला सोडायला गेलो होतो, पण बाहेर ऊन होतं म्हणून आत टेकलो आणि तासभर उठलोच नाही. एक मावशी आल्या. आल्या आल्या हात पुढे केला, ‘घे पोरी, बघ प्रेशर’. मॅडमनी मशीनला हातच लावला नाही. म्हणाल्या, ‘आधी पाच मिनिटं बसा. चहा कधी घेतला? मिश्री कधी लावली?’ मावशी म्हणाल्या, आत्ताच लावली की. ‘मग अर्धा तास थांबा.’ अर्ध्या तासाने पाय जमिनीला टेकवून, पाठ टेकवून, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून बीपी बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा बघितलं. दोन्ही आकडे लिहिले. मग टॉर्च घेऊन तोंड उघडायला लावलं. ‘तीन बोटं जातात का बघू आडवी.’ गालाच्या आतून पांढरा चट्टा आहे का, ते बघितलं. नव्हता. मग पायांचे तळवे बघितले, कारण मावशींना शुगर आहे आणि शुगरवाल्याला पायाची जखम कळतच नाही.

हे सगळं झाल्यावर मावशी उठता उठता म्हणाल्या, ‘डॉक्टरीणबाई, गुडघ्याचं पण काहीतरी लिहून द्या की.’

‘मी डॉक्टर नाही, मावशी. मी नर्सिंग केलंय.’

मावशींनी हे पन्नासाव्यांदा ऐकलं असावं. ‘असूंदे, असूंदे’ म्हणत त्या गोळ्या घेऊन गेल्या.

मग ही आहे तरी कोण?

सरकारी भाषेत ती ‘समुदाय आरोग्य अधिकारी’. सगळे म्हणतात सीएचओ. उपकेंद्रात आधीपासून असलेल्या सिस्टर म्हणजे एएनएम, आरोग्यसेवक आणि घरोघरी फिरणाऱ्या आशाताई या सगळ्यांच्या टीमची ती लीडर. बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम झालेल्यांना सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून हे पद मिळतं. बी.एस्सी.च्या नव्या अभ्यासक्रमात हे प्रशिक्षण आता आतच घातलेलं आहे.

फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने जाहीर केलं, की देशभरातली दीड लाख उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं ‘हेल्थ अँड वेलनेस सेंटर’ होतील. पहिलं सेंटर १४ एप्रिल २०१८ ला छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात जांगला इथे सुरू झालं. २०२२ संपता संपता दीड लाखांचा आकडा पार झाला आणि २०२३ च्या अखेरीला नाव बदलून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झालं. नावाचं सोडा. खरा बदल हा, की पूर्वी उपकेंद्र म्हणजे लस, गरोदर बाई आणि कुटुंब नियोजन एवढंच होतं. आता तिथे बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची तपासणी, म्हाताऱ्यांची काळजी, मानसिक आरोग्य, डोळे, कान-नाक-घसा असं बारा प्रकारचं काम अपेक्षित आहे. केंद्राच्या यादीप्रमाणे उपकेंद्रात १०५ औषधं आणि १४ तपासण्या असायला हव्यात. असायला हव्यात, असंच लिहिलंय मी. प्रत्यक्षात कुठे असतात, कुठे खोकल्याचं औषधही संपलेलं असतं.

एक उपकेंद्र मैदानी भागात साधारण पाच हजार लोकांसाठी असतं आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांसाठी. पीएचसी तीस हजारांसाठी. या दोन आकड्यांतला फरक कागदावर कळत नाही. तो मला कळला तो घरातच.

बारा किलोमीटर

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांना बीपी आहे हे एका शिबिरात कळलं. गोळ्या पीएचसीत फुकट मिळायच्या. पीएचसी बारा किलोमीटरवर. सकाळची एसटी चुकली की दुपारची. ओपीडी दुपारी बंद. गोळ्या मिळायच्या दहा दिवसांच्या. म्हणजे महिन्यातून तीन दिवस रोजगार बुडवायचा, तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, कशासाठी, तर जे दुखतही नाही त्यासाठी. तुम्ही केलं असतं? अण्णांनी सहा महिने केलं. मग ‘बरं वाटतंय की’ म्हणून सोडून दिलं. आम्ही शहरात होतो, फोनवर ‘गोळ्या घेताय ना’ विचारायचो, ते ‘हो’ म्हणायचे. ते ‘हो’ खोटं होतं हे त्यांना माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

२०१७ च्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांच्या डाव्या हातातून दुधाची किटली पडली. उचलायला गेले तर हातच उठेना. पॅरालिसिस. आधी ट्रॅक्टर, मग जीप, मग तालुका, मग जिल्हा. पोचेपर्यंत किती तास गेले ते आता मोजत नाही. अण्णा वाचले. डावा पाय ओढत चालतात. शेत दुसऱ्याने वाट्याने करायला घेतलंय.

आमच्या घरापासून उपकेंद्र पाचशे पावलांवर आहे. तेव्हाही होतं. फक्त तिथे बीपीच्या गोळ्या द्यायची रीत नव्हती आणि ती देऊ शकेल असं माणूसही नव्हतं. तिथल्या सिस्टर चांगल्या होत्या हो. पण पाच हजार लोकांची लसीकरणं आणि बाळंतपणं एकटीने सांभाळणाऱ्या बाईला ‘अण्णांचं बीपी का नाही बघितलंत’ असं कोणत्या तोंडाने विचारणार?

तीन वर्षांपूर्वी त्याच उपकेंद्रात आईचं बीपी सापडलं. आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या होत्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरतात तो: वय काय, तंबाखू खाता का, कंबर किती, व्यायाम करता का, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलावणं. आईचे गेले. मॅडमनी बीपी बघितलं, वेगळ्या दिवशी पुन्हा बघितलं, व्हिडिओ कॉलवर पीएचसीच्या डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. त्यानंतर दर महिन्याला आई पाचशे पावलं चालत जाते, बीपी बघून घेते, तीस दिवसांच्या गोळ्या आणते. कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असते. नाही गेली तर आशाताई दारात.

हे काही आमच्याच गावाचं नशीब नाही. ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ नावाचा एक प्रकल्प २०१७ पासून देशात सुरू झाला, महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. त्यातली युक्ती अगदी साधी आहे. सगळीकडे एकच ठरलेला उपचारक्रम, पहिली गोळी कोणती, महिन्याने बीपी खाली आलं नाही तर पुढे काय, हे सगळं एका पानावर. गोळ्या दहा नव्हे, तीस दिवसांच्या. त्याही घराजवळ. आणि फॉलोअप नर्सच्या हातात. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. अण्णांना ही पानभर युक्ती पाच वर्षं आधी मिळाली असती तर, असा विचार मी करायचा नाही असं ठरवलंय. जमत नाही.

‘नर्सने काय उपचार करायचे?’

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. लाजू नका, तो नर्सच्या मनातही येतो. तो जुना आहे आणि पहिल्यांदा आपल्याकडे विचारला गेलेला नाही.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात लोरेटा फोर्ड नावाच्या एक पब्लिक हेल्थ नर्स होत्या. खेड्यापाड्यांत लहान मुलांच्या तपासण्यांची शिबिरं घ्यायच्या. डॉक्टर क्वचित यायचे. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की मूल निरोगी आहे की नाही, कोणतं मूल ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायला हवं आणि कोणत्या आईला फक्त धीर द्यायला हवा, हे बऱ्याचदा नर्सला कळतं. तिला ते अधिकृतपणे शिकवलेलं नसतं, एवढंच. १९६५ मध्ये त्यांनी हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन कोलोरॅडो विद्यापीठात एक कार्यक्रम सुरू केला. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा शब्द तिथून आला.

विरोध झाला. डॉक्टरांनी केला, तो अपेक्षितच होता. गंमत म्हणजे नर्सिंगच्या प्राध्यापिकांनीही केला. त्यांचं म्हणणं, ही मुलगी आता नर्स राहिली नाही, छोटी डॉक्टर झाली. फोर्ड यांचं म्हणणं बरोबर उलट होतं: हेच तर नर्सिंग आहे. त्या २०२५ च्या जानेवारीत गेल्या, १०४ वर्षांच्या होऊन. तोपर्यंत अमेरिकेत साडेतीन लाखांहून जास्त नर्स प्रॅक्टिशनर झाल्या होत्या आणि निम्म्याहून जास्त राज्यांत त्या डॉक्टरच्या सहीशिवाय तपासून औषध लिहून देऊ शकत होत्या.

ब्रिटनमध्ये कुणी मित्र, चुलतभाऊ असेल तर त्याला विचारून बघा. ‘जीपी’कडे अपॉइंटमेंट मागितली की बऱ्याचदा समोर अॅडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनर असते. मास्टर्सच्या पातळीचं शिक्षण घेतलेली. ती ऐकते, तपासते, रक्त बघायला सांगते, औषध लिहिते, गरज असेल तर तज्ज्ञाकडे पाठवते. २००६ पासून तिथे जादा प्रशिक्षण घेतलेल्या नर्स आपल्या कौशल्याच्या कक्षेतली जवळजवळ सगळी औषधं लिहू शकतात. आपल्याकडून गेलेल्या मंडळींना पहिल्यांदा हा धक्का असतो. ‘एवढे पाउंड टॅक्स भरतो आणि नर्स बघते?’ पुढच्या खेपेला तीच हवी असते, कारण ती वेळ देते.

हे नुसतं कौतुक नाही. २०१८ मध्ये ‘कॉक्रन’ या संस्थेने अशा १८ चाचण्या एकत्र तपासल्या, ज्यांत प्राथमिक उपचारांत डॉक्टरच्या जागी प्रशिक्षित नर्स होत्या. निष्कर्ष असा, की रुग्णांची तब्येत तेवढीच राहते, काही बाबतींत किंचित जास्त चांगली. रुग्ण थोडे जास्त समाधानी. नर्स प्रत्येकाला वेळ मात्र जास्त लावतात. आता दुसरी बाजूही बघा: या चाचण्या जवळजवळ सगळ्या श्रीमंत देशांतल्या. तिथली नर्स म्हणजे वर्षानुवर्षं शिकलेली नर्स. सहा महिन्यांच्या ब्रिज कोर्सची तिच्याशी बरोबरी करू नका.

आपल्या देशातलं उदाहरण हवं तर छत्तीसगड. तिथे २००१ मध्ये तीन वर्षांचा कोर्स काढून ‘रूरल मेडिकल असिस्टंट’ तयार केले आणि जिथे एमबीबीएस डॉक्टर जात नव्हते तिथे नेमले. पुढे पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाच्या अभ्यासकांनी पीएचसीत काम करणाऱ्या वेगवेगळ्या लोकांची परीक्षा घेतली. नेहमीच्या आजारांत हे असिस्टंट आणि एमबीबीएस डॉक्टर साधारण सारख्याच लायकीचे निघाले. पण डॉक्टर नाहीत म्हणून नुसतीच खुर्ची सांभाळणाऱ्या नर्स आणि फार्मासिस्ट, ज्यांना या कामाचं वेगळं शिक्षणच दिलं नव्हतं, ते सगळ्यांत मागे होते. माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत कामाचा धडा आहे. नर्सला उपचार जमतात का, हा प्रश्न अर्धा आहे. तिला शिकवलंय का, हा उरलेला अर्धा.

आणि महाराष्ट्राला हे कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बऱ्याचदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या महिलांना नवजात बाळाची काळजी शिकवली, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. बालमृत्यू किती कमी झाले, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं: नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्या बायका नर्सही नव्हत्या. मग चार वर्षं नर्सिंग शिकलेल्या मुलीकडे बघताना आपल्या कपाळावर आठी का पडते?

काय करता येतं, काय नाही

आमच्या मॅडमना मी सरळ विचारलं, तुमचा हात कुठे अडतो? त्यांनी बोटं मोजली नाहीत, हसल्या.

‘बीपीचा नवा पेशंट मी ओळखू शकते, गोळी सुरू डॉक्टर करणार. सुरू झालेली मी देत राहणार. मेडिकलमध्ये जाऊन घ्या अशी नवी चिठ्ठी मी माझ्या सहीने लिहून देऊ शकत नाही. छातीत दुखतंय म्हणून माणूस आला तर मी जे आहे ते देऊन १०८ बोलावणार. आणि खरं सांगू का, मला त्यात कमीपणा वाटत नाही. मला काय येत नाही हे मला नीट माहीत आहे. कमीपणा वाटतो तो इंटरनेट गेल्यावर. समोर आजी बसलेली असते, व्हिडिओ कॉल लागत नाही आणि आजी म्हणते, बाई तुला तरी कळतं का नाही?’

कायद्यातही हे धूसरच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. प्राथमिक उपचारांत ठरावीक औषधं स्वतः द्यायची, त्यापुढे डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्या वेळी डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, ‘कायदेशीर बोगसगिरी’ असा आरोप झाला. त्यांची भीती अगदीच हवेतली नाही. आपल्याकडे सुई टोचणारा कुणीही ‘डॉक्टर’ होतो हे आपण बघतोच. पण खेड्यात निवड एमबीबीएस आणि नर्स यांच्यात नसते हो. ती नर्स आणि मोटारसायकलवरून येणारा, प्रत्येकाला सलाइन लावणारा माणूस यांच्यात असते. अण्णांना पहिल्यांदा सलाइन लावणाराही तोच होता.

महाराष्ट्रात आणखी एक गुंता आहे. इथे सीएचओच्या जागांवर सुरुवातीपासून आयुर्वेदाच्या म्हणजे बीएएमएस पदवीधरांनाही घेतलं. त्यामुळे एका उपकेंद्रात बीएएमएस, शेजारच्या गावात नर्स, पद एक, पगार एक. कोण सरस यावर त्यांच्या ग्रुपवर भांडणं चालतात म्हणे. मला त्यात पडायचं नाही. एवढंच म्हणेन, की जिथे जिथे परिचारिकेचं स्वतंत्र करिअर वर चढत जायला हवं, तिथे आपण पायरीच बांधली नाही, जागा फक्त भरली.

कारण ही नोकरी कंत्राटी आहे. जाहिरातीत मानधन २५ हजार आणि कामावर आधारित आणखी १५ हजारांपर्यंत असतं. दुसरा आकडा ऐकायला छान. पण काम मोजायचं कसं, तर पोर्टलवर किती नोंदी झाल्या यावर. म्हणजे मावशीच्या पायाला हात लावून तळवा बघण्यात गेलेली दहा मिनिटं कुठेच मोजली जात नाहीत आणि टॅबवर एंट्री राहिली तर पैसे कापले जातात. मॅडम संध्याकाळी सहानंतर घरी बसून एंट्र्या करतात. रविवारी पण. ‘नर्सिंग शिकले, डेटा एंट्री करते’, असं म्हणाल्या. त्यात चिडणं नव्हतं. थकवा होता.

तुम्ही बारावीत असाल तर

नर्सिंगकडे बघताना घरचे काय म्हणतात ते मला माहीत आहे. ‘एमबीबीएस लागलं नाही का?’ मुलगा असेल तर आणखी एक टोमणा जास्त. ऐकून घ्या आणि मग नीट माहिती काढा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम तीन, एएनएम दोन. राज्यात बी.एस्सी.साठी सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा होते. कॉलेज बघताना इमारत नको, त्यांच्याकडे स्वतःचं किंवा जोडलेलं हॉस्पिटल किती खाटांचं आहे, तिथे खरोखर किती पेशंट असतात, कम्युनिटी पोस्टिंगला कुठल्या गावात नेतात ते विचारा. सीनियर मुलींना विचारा, ऑफिसात नको.

पुढचे रस्ते आता उघडताहेत. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा एम.एस्सी. दर्जाचा रेसिडेन्सी कोर्स भारतीय परिचर्या परिषदेने आणला आहे. बाळंतपणासाठी १८ महिन्यांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ आहे, २०१८ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तेलंगणाने त्यात आघाडी घेतली, हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलमध्ये त्याचं मोठं प्रशिक्षण चालतं. ज्या बाळंतपणात काही गुंतागुंत नाही, ते मिडवाइफने सांभाळायचं, डॉक्टरने गरज पडेल तेव्हाच यायचं, असा तो विचार. आपल्या आज्यांना हे नवीन वाटणार नाही. सुईणीचंच काम, पण शिकून, स्वच्छ हातांनी आणि पाठीशी हॉस्पिटल ठेवून.

आणि परदेश आहेच. त्याबद्दल मी शहाणपण शिकवणार नाही. ज्या कामाचे इथे कंत्राटावर २५ हजार मिळतात, त्याच कामाला तिथे पदवी, अधिकार आणि पेन्शन मिळत असेल तर मुलगी जाणारच.

तुम्ही नर्सिंगला जाणार नसाल, तर तुमच्यासाठीचं काम सोपं आहे. आईवडिलांना त्या पिवळ्या इमारतीत घेऊन जा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी तिथे फुकट होते. आईला सांगा, गर्भाशयमुखाची तपासणी करून घे, साधं पातळ अॅसेटिक अॅसिड लावून बघतात, काही मिनिटांचं काम आहे. सांगताना अवघडायला होईल. माझंही झालं. शेवटी ताईला सांगायला लावलं. आणि गोळ्या घेताय का, असं फोनवर विचारू नका. कार्डाचा फोटो पाठवा म्हणा. त्यावर तारखा असतात, तारखा खोटं बोलत नाहीत.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाली, ‘आपल्या मॅडम चालल्यात म्हणे. कसली तरी इंग्लिशची परीक्षा पास झाल्या. बाहेरच्या देशात.’

मी विचारलं, त्यांच्या जागी कोण येणार?

‘काय माहीत. सिस्टर म्हणाल्या, महिना-दोन महिने तरी कुणी नाही.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘त्यांनी दोन महिन्यांच्या गोळ्या देऊन ठेवल्यात मला. आणि कार्डावर पुढची तारीख लिहिलीय, १४. मी म्हटलं, तुम्ही तर नसणार. तर म्हणाल्या, मावशी, तारीख लिहिलीय ना, तुम्ही या. दार उघडं असेल.’